नमुना क्रमांक सात

एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले
आणि पहिल्याच दिवशी हातात हातोडी आली,
लहानशी, सोनाराला शोभेल अशी.
"भिंतीला विचारा," पळसुले मॅडम म्हणाल्या,
"आणि उत्तर ऐकल्याशिवाय दुसरा ठोका मारू नका."

भरीव असेल तर टण्‌.
पोकळ असेल तर बद्द,
उतरलेल्या कलिंगडासारखं.
त्या आठवड्यात मी घरची सगळी भांडी वाजवली.

बेलापूरला, किल्ले गावठाणच्या पडक्या बुरुजापाशी
धर्माजी मढवींनी दरजेतला चुना नखाने उकरून
माझ्या तळहातावर ठेवला.
त्यात तिसऱ्याच्या शिंपीचा तुकडा होता,
नीट न भाजलेला,
कडेला अजून जांभळट.
"भट्टीवाल्यानं घाई केली," ते म्हणाले,
जणू भट्टीवाला पलीकडच्या आळीत राहतो
आणि संध्याकाळी भेटला की ते त्याला बोलणार आहेत.

मग दाखवलं ते ठिगळ,
कुणीतरी भल्या मनाने लावलेलं, सिमेंटचं.
ठिगळ शाबूत.
भोवतीचा दगड पापुद्रे सुटून चाललेला.
"चुन्यानं आधी झिजायचं असतं. दगडाच्या आधी.
ते त्याचं कामच.
याला कुणी सांगितलंच नाही."
मी वहीत लिहिलं: सांधा दगडापेक्षा मऊ हवा.
त्याखाली, का कोण जाणे, घरातल्याच दोघांची नावं लिहिली
आणि खोडली.

वर्गात सांगितलं ते असं:
हवेतला एक वायू, आपण उच्छ्वासात टाकतो तोच,
चुन्यात मुरतो
आणि वर्षानुवर्षांच्या सवडीने
त्याचा पुन्हा दगड करतो.
तोच वायू काँक्रीटमध्ये मुरतो
आणि आतल्या सळईचं चिलखत काढून घेतो.
हे दहा गुणांना येतं.
मी लिहिताना श्वास रोखला होता,
हे पेपर संपल्यावर लक्षात आलं.

पुढे प्रात्यक्षिकासाठी इमारत हवी होती.
मी आमचीच दिली,
वाशीची, चार मजली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
सळया फुगून छत उकललेलं,
जिन्यात बादल्या, बादल्यांत मनीप्लँट,
आणि सूचनाफलकावर पुनर्विकासाचं चित्र:
निळं आकाश, छत्तीस मजले,
खाली कुत्र्याला फिरवणारी कुणी गोरी बाई.

ड्रिलने सात ठिकाणी गाभा काढला,
मनगटाएवढे सात दंडगोल.
त्यांवर फिनॉल्फ्थॅलीन मारायचं, पाण्यासारखं दिसतं.
निरोगी असेल ते काँक्रीट राणी रंगाचं होतं.
एक, काही नाही.
दोन, तीन, काही नाही.
चार आणि पाचला मध्यभागी नाणंभर गुलाबी.
सहा, राखाडी, माझ्याच बेडरूमचा.

सात मात्र जवळजवळ काठापर्यंत लाल झाला,
लग्नातल्या शालूसारखा, बघवेना इतका.

तो डोंगरदिवेबाईंच्या ओट्यामागचा खांब.
फोडणीचे डाग दिसतात म्हणून
दर वर्षी त्या त्याला ऑइलपेंट मारायच्या,
पोपटी, कधी मोतिया,
स्टुलावर उभ्या राहून, स्वतःच.
अडतीस थर मी ब्लेडने मोजले.
हवेला आत जायला जागाच मिळाली नव्हती.

"म्हणजे माझा खांब पास?"
"पास."
"आणि बिल्डिंग?"
मी ड्रिलची वायर गुंडाळत राहिले.

भोक बुजवताना मढवी आठवले.
मसाला मुद्दाम जरा मऊ ठेवला,
सहा महिन्यांत सगळंच पाडणार असले तरी.

अहवालात सातव्याला एक ओळ मिळाली: समाधानकारक.
बाकी एकोणीस पानं घर रिकामं करण्याविषयी.

दंडगोल बाईंनी मागून घेतला.
लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवणार होत्या.
मी म्हटलं, धुऊन घ्या, औषध आहे त्याला,
आणि तो रंग उडेल हं, महिन्या-दोन महिन्यांत, हवेने.
त्यांनी तो पदरात धरून बोटाने टकटक केलं,
कान देऊन ऐकलं.
"उडू दे," म्हणाल्या. "मग तू येऊन परत मार."